चार दिवसांचा निष्कर्ष

“चार,” अंबूबाई म्हणाली. “सून म्हैन्याचं चार दिस बसती बाहेर. माजं आता वय झालं, म्या न्हाई बसत.”

डॉक्टर उपेंद्रांनी कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली. सहा वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या डोंगरातल्या या वाडीनं हेच उत्तर दिलं होतं. घरागणिक चार, फार तर पाच. त्यावरून त्यांनी सिद्ध केलं, की इथल्या बायका महिन्यातले सव्वीस दिवस घरचा संडास वापरतात आणि चारच दिवस उघड्यावर जातात. का, ते कळलं नाही. पण त्या ‘का’वर पुढं आणखी अकरा निबंध लिहिता आले.

डॉक्टरांचे एकूण निबंध एकशे सव्वीस. त्यांतला हा सगळ्यांत गाजलेला. चारशे बारा संशोधकांनी आपापल्या लेखांत त्याचा हवाला दिला होता. त्यांतल्या एकानंही वेल्हं पाहिलं नव्हतं. हवाल्यांचा आकडा डॉक्टर रोज सकाळी मोबाईलवर बघत. लोक रक्तातली साखर बघतात तसा. फरक इतकाच, की हा वाढला की त्यांना बरं वाटे. उद्या आंबवड्याला त्यांचा सत्कार होता. त्यांच्या संशोधन संस्थेचा नवा संचालक निवडणारी मंडळी तिथं येणार होती, आणि पडद्यावर दाखवायला एखादी फिल्म असावी म्हणून डॉक्टर पानशेतवरून दोन तास वळणं घेत इथवर आले होते.

कॅमेरा शेफालीच्या हातात होता. ही त्यांची साहाय्यक. तिनं सहज विचारलं, “आणि आजी, बाकीचे सव्वीस दिवस?”

“बाकीचं घरात की. चुलीम्होरं, देवापाशी.”

“देवापाशी?”

“मंग? कावळा शिवला तरच बाहेर बसायचं. येरवी कशापायी कोन बसंल?”

वाडीची आशा कार्यकर्ती स्नेहल शेजारीच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

डॉक्टरांना आई आठवली. लहानपणी भोरच्या घरात आई महिन्यातून चार दिवस कोपऱ्यात बसायची. काय झालं म्हणून विचारलं, की आजी सांगायची, कावळा शिवला. छोटा उपेंद्र मग मागच्या अंगणात जाऊन कावळ्यांना दगड मारायचा. आईला शिवणारा तो कावळा आज, साठीच्या उंबरठ्यावर, नेमका त्यांच्या डोक्यावर येऊन बसला.

पाहणीतला तो प्रश्न त्यांनी स्वतःच लिहिला होता. आधी तो ‘शौचाला उघड्यावर बसता का’ असा होता. बायामाणसांसमोर तो पहिला शब्द बरा दिसत नाही म्हणून त्यांनीच तो खोडला, आणि नुसतं ‘महिन्यातून किती दिवस बाहेर बसता’ एवढं ठेवलं. इथं त्या गोष्टीला परसाकडं जाणं म्हणतात. ते कुणाला विचारावं, असं त्यांना वाटलं नव्हतं.

“सर,” शेफाली हलक्या आवाजात म्हणाली, “पेपर मागे घ्यावा लागेल.”

“चारशे बारा जणांनी हवाला दिलाय त्याचा! चारशे बारा विद्वान चुकले आणि ही एक म्हातारी बरोबर?”

“मंग आमच्या पाण्याचं कसं, सर?” स्नेहलनं विचारलं. “पाइपलाइन मागायला गेलं, की तुमचाच कागद दावत्यात. म्हणत्यात, तुमच्यातल्या बाया सव्वीस दिस संडास वापरत्यात, म्हंजी पाणी असणारच.”

“तो धोरणाचा भाग झाला. मी शास्त्रज्ञ आहे.” डॉक्टर शेफालीकडे वळले. “पुढचं सगळं पुसून टाक. ‘चार’ म्हणाली तेवढं ठेव.”

शेफालीनं कॅमेरा बंद केला.

एवढं बोलून डॉक्टर निघणारच होते; पण घाटातली वळणं संपवून आल्या आल्या त्यांनी अंबूबाईकडचं दोन तांबे ताक रिचवलं होतं. पोटात कळ आली. दुसरी आली. तिसरीला त्यांनी सगळा मान गुंडाळून ठेवला आणि स्नेहलला बाजूला बोलावून विचारलं, “इथं… ते… कुठं आहे?”

स्नेहलनं घरामागं नेऊन पत्र्याचं दार ओढलं. आत छपरापर्यंत गोवऱ्या रचलेल्या. मधल्या मोकळ्या जागेत, सहा वर्षांत ज्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता त्या भांड्यावर, एक खुडूक कोंबडी पंख पसरून बसली होती. तिनं डॉक्टरांकडे असं बघितलं, की त्यांनीच दार लोटून घेतलं.

“अंड्यांव बसलीया,” स्नेहल म्हणाली. “आजून आठ दिस न्हाई उठायची.”

तोवर अंबूबाई टमरेल घेऊन आली. अर्धंच भरलेलं. “जपून, सायेब. दोन कोसावनं डोक्याव आणल्यालं पानी हाय.”

एकशे सव्वीस निबंधांचे धनी ते टमरेल दोन्ही हातांनी धरून करवंदीच्या जाळीमागं धावले.

तिथं बसल्यावर जरा जिवात जीव आला. उद्याचं भाषण मनात जुळवावं, असा विचार करतायत तोच पानांच्या फटीतून त्यांना एक लाल ठिपका दिसला. शेफालीनं कॅमेरा पुन्हा चालू केला होता. आधी तिनं दार उघडून ती कोंबडी टिपली, मग गोवऱ्या, मग अंबूबाई. डॉक्टरांना ओरडायचं होतं. पण त्या अवस्थेत ओरडणार तरी काय? आणि उठावं, तर उठण्यासारखं अजून काही झालं नव्हतं.

“आजी,” शेफालीचा आवाज अगदी स्पष्ट आला, “डॉक्टर कुठं गेले?”

“बाहेर बसल्यात,” अंबूबाई कॅमेऱ्यात बघून म्हणाली. “आता चार दिस कुनी शिवू नगा त्यास्नी.”