बायकोच्या नावाचं झाड

डोंगरकड्यावर सापडलेल्या एका फुलझाडाला नवी जात समजून वनस्पतिशास्त्राच्या सरांनी आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. जगात अशी अकराच झाडं होती. बावीस वर्षांनी त्यांच्याच विद्यार्थिनीने त्याची फुलं रस्त्याकडेच्या साध्या झाडाच्या फुलांशेजारी मांडली. कूळ एकच, पाकळ्या सारख्या, बियाही तशाच. कड्यावरचा वारा खाऊन झाड फक्त खुजं राहिलं होतं.

हे तिने भीतभीतच सांगितलं. सर मात्र उत्सुकतेने भिंगाला डोळा लावून बसले.

"पुंकेसर मोजलेस?"

"तीनदा मोजले, सर."

"मग दोन्ही झाडं एकच. जुनं नाव राहणार, आपलं जाणार. लिही तसं."

 मग सरांनी घरी फोन लावला.

"अगं, तुझं झाड वेगळं नव्हतंच. रस्तोरस्ती आहे ते. नाव काढावं लागेल तुझं."

 पलीकडून बायकोचं खळखळून हसणं विद्यार्थिनीलाही ऐकू आलं.

"सुटले बाई! बावीस वर्षं नामशेष व्हायच्या यादीत होते मी."