चार बोटं पट्टा

इंजिन धडधडत होतं, पण पिंप जागचं हलत नव्हतं. आत ओल्या चादरींचा गोळा तसाच पडून होता. भोरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी मोतीबिंदूची ऑपरेशनं होती. वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांवरून चाळीस म्हातारी माणसं येऊन ओसरीवर बसली होती. कुणी डोलीत बसून आलं होतं, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. दोन दिवस मळभ होतं. हातानं पिळलेलं कापड वाळत नव्हतं. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या या पिळायच्या यंत्रावरच सगळी भिस्त होती.

कापूरहोळहून गेनबा मिस्त्री आला होता. ट्रक दुरुस्त करणारा माणूस तो. सकाळपासून त्यानं इंजिन खोललं, साफ केलं, पुन्हा जोडलं. शेवटी हात पुसत म्हणाला, "इंजानात दम न्हाई, डॉक्टर. पुण्याला धाडावं लागंल."

डॉक्टरांनी ओसरीकडं पाहिलं. मग मेट्रन सोजराबाईंना म्हणाले, "माणसांना घरी जायला सांगा. वाळलेल्या, स्वच्छ चादरीवाचून मी कुणाच्या डोळ्याला हात लावणार नाही."

मिस्त्रीनं इंजिन बंद केलं. धुण्याच्या कामावरची फुलाबाई पुढं झाली. इतका वेळ ती इंजिनाच्या चाकाकडं बघत होती. ते चाक भिंगरीसारखं फिरत होतं. तिनं इंजिनाचं चाक आणि पिंप जोडणारा चामड्याचा पट्टा उतरवला आणि पिंप हातानं ढकललं. भरलेलं असूनही ते सरळ फिरलं. म्हणजे इंजिनात दम होता आणि पिंपही मोकळं होतं. खोट मधल्या पट्ट्यात होती. तिनं तो बोटांत चोळून पाहिला. साबणाच्या पाण्यानं ताणून ढिला पडलेला, आणि वर कुणीतरी मऊ राहावा म्हणून तेल चोपडलेलं. चाकावर तो नुसता घसरत होता.

काय करायचं ते तिला त्याच क्षणी कळलं. पण करावं की नाही, ते कळेना.

नसरापूरला ती एका घरी धुणंभांडी करायची. ती कुणाची कोण, हे तिथं कळलं, त्या दिवशी तिला पाण्याच्या माठाजवळून उठवलं. म्हणून इथं नोकरी मागताना तिनं वेगळंच सांगितलं होतं. सहा महिने ती आयांच्या पंगतीला बसत होती. नदीकाठच्या तिच्या खोलीत, ट्रंकेच्या तळाशी एक गाठोडं होतं. ते इथं उघडलं, की कुणाला काही सांगायची गरज उरणार नव्हती.

ओसरीवरची एक म्हातारी चाचपडत आपली काठी शोधत होती.

फुलाबाई घरी गेली आणि गाठोडं घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं ते सोडलं. आत आरी होती, रापी होती, चामड्याची वादी होती. सोजराबाई बघतच राहिल्या. स्वयंपाकीण दोन पावलं मागं सरकली.

फुलाबाईनं मान वर केली नाही. राख चोळून तिनं पट्ट्यातलं तेल काढलं. चार बोटं पट्टा कापून टाकला. दोन्ही टोकं रापीनं छिलून एकावर एक बसवली, आरीनं भोकं पाडली आणि ओल्या वादीनं शिवून घेतली. पट्टा घसरू नये म्हणून वरून राळ चोळली.

"शिवण टिकायची न्हाई," मिस्त्री म्हणाला.

"पाण्यानं भरलेली मोट वढती ही शिवण," ती म्हणाली. "चालू करा इंजान."

पट्टा चढला. चाकानं त्याला ओढलं, त्यानं पिंपाला. पिंप आधी कुरकुरलं, मग असं गरगरलं, की खालच्या नळीतून पाण्याची धार लागली. मिस्त्रीनं वाकून शिवण पाहिली, बोट फिरवलं आणि बाजूला झाला. डॉक्टरांनी ओसरीवर निरोप धाडला, कुणी जाऊ नका.

मग ते म्हणाले, "फुलाबाई, हे कुठं शिकलात तुम्ही?"

स्वयंपाकीण, आया, सोजराबाई, सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या. तिनं रापी पदराला पुसली आणि ताठ उभी राहिली.

"बापाजवळ," ती म्हणाली. "नोकरीच्या कागदावर म्या कुणबी लिवून घेतलंय, डॉक्टर. ते खोडा, आन् लिवा, फुलाबाई, ज्ञानोबा चांभाराची लेक."