खड्ड्यावरची उडी

सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये गजेंद्रचा उजवा हात चेपला, तेव्हापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता. जखम भरली, पण अंगठा हलवला नाही तर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो मात्र चादरीखालून हात काढायला तयार नव्हता. धाकटी बहीण सुप्रिया सासरहून माहेरी, रिठदला आली. लहानपणीचा व्हिडिओ गेम तिनं टीव्हीला जोडला, कॅसेट फुंकून लावली. ओळखीची धून वाजली. तिचा पडद्यावरचा गडी पहिल्याच खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. “उशिरा उडवून राह्यली तू,” गजेंद्र वैतागला. “मंग तूच उडव ना, दादा.” चादरीखालून हात काढून त्यानं गेमचा रिमोट हिसकावला. गडी धावत सुटला, खड्डा आला. अंगठा थरथरला, पण वाकला नाही. गडी पडला. तिनं घाबरून टीव्हीच्या बटणाकडे हात नेला. “बंद नोको करू. अजून एक लाइफ हाये.”