एकशे चौदावी मादी

“आई, लवकर बाहेर ये! बघ तर काय आणलंय मी!”

दादाची ती हाक एकवीस वर्षांनीही तिच्या कानातून गेली नव्हती. ती तेव्हा नऊ वर्षांची. रेशीमकेंद्राच्या तपासणीच्या खोलीबाहेर दादा उभा होता. हातात रेशीमकिड्यांच्या अंड्यांचा कागद, तोंडभर हसू. परमुलखातली नवी जात हुडकून आणली होती त्यानं.

आत आई सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. काम डोळ्यांत तेल घालून करायचं. अंडी घालून झालेली पतंगाची मादी खलात कुटायची, थेंब काचपट्टीवर घ्यायचा, पाहायचं. रोगाचे चकाकते, लांबट दाणे दिसले की तिची सगळी अंडी जाळायची. हा रोग आईच्या पोटातूनच लेकरांत उतरतो. नाही दिसले, तर पट्टीच्या कोपऱ्यात लिहायचं : निर्मळ. कुटता कुटता आई गुणगुणायची,

तुतीच्या पानावर, निजे रेशमाचं बाळ
आईच्या पोटातून, आला सोबतीला काळ

त्या हंगामात एकही अळी कोषापर्यंत पोचली नाही. अंगावर मिरी सांडल्यासारखे ठिपके, मग मान टाकणं. केंद्राची अंडी नेलेल्या घरोघरच्या अळ्यांच्या ताटल्या ओस पडल्या. रोग परमुलखातून आला, लोक म्हणाले. दादाची अंडी केंद्रातल्या अंड्यांशेजारीच ठेवलेली होती ना! आईच्या नजरेवर शंका कोण घेणार? तिच्या ‘निर्मळ’वर सारी वस्ती निर्धास्त झोपायची. दादा शपथा घेत राहिला. आई पाठ फिरवून म्हणाली, “तोंड दाखवू नकोस मला.”

त्यानं ते शब्दशः पाळलं. गेल्या हिवाळ्यात दूरच्या शहरातल्या इस्पितळातून आला तो नुसता निरोप.

तेराव्या दिवसापर्यंतही न थांबता आईनं माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. आत त्या हंगामाच्या काचपट्ट्या, दादाचा कागद, मेलेल्या अळ्यांची पुडी.

“तुम्ही प्रयोगशाळावाले म्हणे असल्या किड्यामधल्या किड्यांची कुंडली वाचता. वाच बाई.”

प्रयोगशाळेत तिनं चार महिने वाचली. दादाच्या कागदावर रोगाचा मागमूस नव्हता. मेलेल्या अळ्यांतल्या परजीवीचा जनुकसंच जुळला तो केंद्रातल्याच एका काचपट्टीशी. अक्षर न् अक्षर जुळला. मादी क्रमांक एकशे चौदा. कोपऱ्यात आईचं रेखीव अक्षर : निर्मळ.

नजर चुकली असेल, तिनं स्वतःला समजावलं. दिवसाला दोनशे माद्या, माणूसच ते. पण ज्याला घालवून दिलं तो लेक निर्दोष होता, हे आईला आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

आई खिडकीशी बसली होती. मोतीबिंदूनं डोळे दुधाळलेले.

“काय म्हणते कुंडली?”

“काही नाही गं. फार जुनं झालंय सगळं. यंत्राला वाचताच आलं नाही.”

“खोटं बोलायला अजून शिकली नाहीस,” आई हसली. “दादावर गेलीस.” मांडीवरचा तिचा हात रिकामाच गोल गोल फिरत होता, खलात बत्ता फिरावा तसा. मग तो थांबला. “एकशे चौदा ना?”

ती चपापली. तिनं तो हात घट्ट धरला. “आई, चुकतं गं माणूस. इतक्या पट्ट्या बघून डोळे दमतात...”

“डोळे नव्हते दमले. दिसले होते मला दाणे. दोनच होते. अंडी जाळायची, वरिष्ठांना दाखवायचं, तास मोडला असता. अन् बाहेर तो हाका मारत होता. लेकरू ताटकळलंय म्हणून मी ‘निर्मळ’ लिहिलं, अन् त्याच्याकडे धावत गेले.”