नुसतं ‘बरं’

“आता ‘इंटरफेस’ लिहा, वहिनी. मग एक जागा सोडा,” फोनमधून आवाज आला.

सुईत दोरा ओवावा तशी ती एकेक अक्षर शोधून दाबत होती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती. लॅपटॉपमधून निघालेली निळी चपटी वायर कपाटावरच्या राउटरला जोडलेली होती. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता. त्याचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

इतरांच्या घरी असतो तसला दोन शिंगांचा डबा यांच्याकडे नव्हता. ऑफिसने मोडीत काढलेला मोठा राउटर नवऱ्याने हौसेने घरी आणला होता. त्याला ना बटणं, ना चित्रं. काय हवं ते एकेका ओळीत लिहून सांगायचं, तेवढंच त्याला कळायचं. सुट्टीच्या दिवशी नवरा तासन्‌तास त्याच्याशी बोलत बसे. “बरी सवत आणलीत घरात,” शिवणाच्या मशीनवरून ती म्हणायची, आणि तो हसायचा.

मग त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला, तो हळूहळू थोडाफार सुधारला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. उरला एकच शब्द. चहा हवा का? बरं. डोकं दुखतंय का? बरं. लेकीने फोनवर रडत विचारलं, “बाबा, ओळखलंत ना मला?” बरं. हातात पेन दिलं तर कागदावर नुसती वेटोळी. त्यांना सगळं कळतं, शब्द तेवढे सापडत नाहीत, असं बोलायला शिकवणाऱ्या बाई सांगायच्या. दुपारी त्या लॅपटॉपवर दिसायच्या, एकेक चित्र दाखवायच्या आणि वाट बघायच्या. काल तो उठून गेल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. “अजून महिनाभर बघू,” त्या म्हणाल्या. “मग थांबू या का? त्यांनाही त्रास होतो.”

आणि आज नेमकं इंटरनेट बंद. मोबाइलचं नेट त्या घरात कधी धड आलंच नाही, फोन जेमतेम बोलण्यापुरता चालायचा. लाइन देणाऱ्या कंपनीने घरच्या लाइनचा आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी, बदलला होता. नवा पत्ता राउटरला सांगितल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती. नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेला सहकारी परगावी कामावर होता. तो तिकडून तिला ओळी सांगत होता. लॅपटॉप तिने मुद्दाम स्वतःकडे ओढून घेतला होता. जे येत होतं ते आता येत नाही, हे त्याला कशाला दिसू द्यायचं?

“आता पत्ता लिहा. झाला? राउटरवरचा लाल दिवा गेला का?”

“नाही,” ती म्हणाली. “उलट दुसराही लागला.”

“अरेरे. बाहेरच्या लाइनचा पत्ता घरातल्या वायरीच्या पोर्टला दिलात वाटतं. हात नका लावू. आतला जुना पत्ता मला शोधावा लागेल.”

तिने कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेजारून आवाज आला. “च्च.”

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. आमटीत मीठ दोनदा पडलं की यायचा. चावी घरात राहून दार लागलं की यायचा. आजारपणानंतर आज पहिल्यांदाच आला होता.

नवऱ्याने कोपराने तिचा हात बाजूला सारला. लॅपटॉप पुढ्यात घेतला. डावा हात कळफलकावर ठेवला. उजव्याचा अंगठा कसाबसा जागा सोडायच्या पट्टीवर टेकवला. मग टायपिंग सुरू झालं. सुरुवातीला अडखळत, मग सलग. चुकीची ओळ त्याने काढून टाकली. आतला जुना पत्ता परत घातला, कुठेही न बघता. बाहेरच्या पोर्टवर गेला, नवा पत्ता दिला. लाल दिवे विझले. हिरवे लागले. “दोन्ही हिरवे झाले,” तिने फोनवर सांगितलं.

“वहिनी, लाइन आली, मला इथून दिसतंय,” फोन म्हणाला. “पण आतला पत्ता मी सांगितलाच नव्हता. कुठून घातलात?”

“मी नाही घातला,” ती म्हणाली. “ह्यांनी.”

“दादांनी?” फोनमधला आवाज चढला. “दादांना म्हणावं, सेव्ह करा.”

नवऱ्याने ते ऐकलं, पण सेव्ह केलं नाही. त्याने आणखी एक शब्द लिहिला: ‘होस्टनेम’. राउटरचं नाव बदलायची ती आज्ञा होती. ती कुणीच सांगितली नव्हती. तिथे मात्र तो थांबला. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्याने डोळे मिटले, उघडले. मग तिच्यासारखंच एकेक अक्षर शोधत, एका बोटाने, खूप वेळ लावून त्याने नाव पुरं केलं.

राउटरने ते लगेच मान्य केलं. पुढची ओळ त्याच नावाने सुरू झाली आणि त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: भिंगरी.

तिचा पाय घरात एका जागी ठरत नाही, म्हणून लग्नानंतर त्याने तिला दिलेलं हे नाव. चारचौघांत त्याने ते कधी घेतलं नाही. लेकीलाही माहीत नव्हतं. त्याचं बोलणं गेलं तेव्हा त्या नावाने तिला हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तो पडद्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

ती त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. तरी स्वयंपाकघरातून द्यावी तशी तिने ओ दिली.

“आले हं,” ती म्हणाली.