गुन्वोरचं अंडं

नळीवरची लाल खूण अजून बुडालेलीच होती. ओडमुंडने नळी मोड आणलेल्या जवाच्या रसातून बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा सोडली. खूण पुन्हा बुडाली. दुधात पाणी किती ते बघायला असते तसलीच ही काचेची नळी; रस जितका दाट, तितकी ती वर उभी राहते. नाताळच्या बीअरसाठी पहाटेपासून तांब्याच्या हंड्याखाली जाळ चालू होता, निम्मं सरपण संपलं होतं, तरी रस हवा तेवढा काही आटेना.

आणि गुन्वोर तर फाटकातून आत येत होती.

गेल्या नाताळात ओडमुंडने सगळा धीर एकवटून या शेजारणीला लग्नाचं विचारलं होतं. तो विधुर, ती विधवा, दोघंही साठी ओलांडलेले. गुन्वोरने त्याच्या बीअरचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ही बीअर आहे की भांडी विसळलेलं पाणी? ज्या दिवशी तुझ्या रसावर माझं अंडं तरंगेल ना ओडमुंड, त्या दिवशी बघू."

दाट रसात अंडं तरंगतं, पातळ रसात बुडतं, ही तिथली जुनी पारख. तिचं हे बोलणं खोऱ्यात पसरायला किती वेळ लागणार? वर्षभर दुकानात जो तो त्याला अंड्यांचा भाव विचारत होता.

"दादा, तोंड पाडू नकोस असं," त्याची बहीण ब्रिता म्हणाली. "फाशी द्यायला नाही येत ती."

"तू गप बस गं."

गुन्वोरने उंबऱ्यावर बूट आपटून बर्फ झटकला. कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं अंडं काढलं. ओडमुंडने घाईने भिंतीशी टेकवलेल्या काचेच्या नळीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"काढ रस."

कढत रसात अंडं शिजलं असतं, म्हणून ओडमुंडने जग भरून दाराबाहेर बर्फात रोवला. तिघंही त्याच्याभोवती उभी राहिली. पुढच्या वर्षी सरपण दुप्पट फोडून ठेवू, असं ओडमुंडने मनाशी ठरवून टाकलं. पण या वयात आणखी एक वर्ष थांबायचं म्हणजे काही थोडं नव्हे. त्याला रडूच यायला लागलं होतं.

रस निवाला. गुन्वोरने अंडं अलगद सोडलं. ओडमुंडने डोळे मिटून घेतले.

"दादा! अरे बघ ना!" ब्रिता किंचाळली.

अंडं वर होतं. चांगलं नाण्याएवढं कवच रसाबाहेर काढून डुलत होतं. ओडमुंडने एकदा अंड्याकडे पाहिलं, एकदा आत नळीकडे पाहिलं. नळी खोटं बोलली म्हणायची! बोलू दे. ब्रिताने त्याच्या पाठीत धपाटा घातला, त्याला मिठी मारली, आणि चिकट झालेलं अंडं उचलून धुवायला पाण्याच्या बादलीत टाकलं.

अंडं तिथेही तरंगलं.

शिळं अंडं साध्या पाण्यातही तरंगतं, हे कोंबड्या पाळणाऱ्या घरात पोरंसोरंही जाणतात. आणि गुन्वोरच्या अंगणात कोंबड्यांची कमी नव्हती.

"अगं बाई!" ब्रिता म्हणाली. "हे तर कधीचं शिळं! थांब गुन्वोर, आमच्या कोंबडीखालचं ताजं आणते मी."

"कशाला?" गुन्वोरचे कान लालबुंद झाले होते. "अट माझ्या अंड्याची होती. तरंगलं की नाही?"

ब्रिताने तोंडावर हात ठेवला.

अंडं आपोआप इतकं शिळं होत नाही, हे ओडमुंडला हळूहळू उमगत गेलं. कुणीतरी ते बाजूला काढावं लागतं. रोज सकाळी तव्यापासून वाचवावं लागतं, आठवडेच्या आठवडे. त्याला इतका आनंद झाला की हातांचं काय करावं तेच कळेना. त्याने आत जाऊन हंड्यावरचं झाकण उगाचच उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"तरंगलं," तो म्हणाला. "तरंगलं की."

गुन्वोर त्याच्यामागून आत आली. तिने कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि झाकण बाजूला करून डावभर रस काढला. फुंकर मारून चाखला. आणि अगदी गेल्या वर्षीसारखंच तोंड वाकडं केलं.

"उभा काय राहिलास? सरपण घाल आणखी. आपल्या लग्नात असलं पाणी वाढलंस तर लोक मला नावं ठेवतील."