पावाचं पुस्तक

वाचनालयात दर शनिवारी बाई चित्रांचं पुस्तक वाचायच्या आणि मग त्यातलंच काहीतरी मुलांकडून करून घ्यायच्या. कधी कागदाचं घुबड, कधी गाजराचं सूप. बेकरीवाल्याच्या लेकीला जन्मापासून दिसत नव्हतं. बाई चित्रं दाखवायला लागल्या की ती मांडीवर हात ठेवून गप्प बसायची. मागे उभ्या बापाला ते बघवायचं नाही.

साळिंदराच्या गोष्टीचं पुस्तक त्याने आठवडाभर आधीच मागून नेलं आणि एकेका चित्राचा एकेक पाव भाजून आणला. कात्रीने पिठाच्या गोळ्याला काटे काढले, चंद्र गुळगुळीत ठेवला, नदीला लाटा दिल्या. लेकीपुढे ट्रे ठेवताना मात्र त्याने पोरांकडे चोरून पाहिलं. पोरं हसली तर?

लेकीने पहिला पाव चाचपला. "हे साळिंदर. घाबरलंय, काटे उभे आहेत," ती म्हणाली आणि एकेका पावावरून बोटं फिरवत तिने अख्खी गोष्ट सांगितली. एकही पोर हसलं नाही.

पुढच्या रांगेतल्या चिमुरडीने आपल्या हातातलं पुस्तक उघडलं, हुंगलं आणि ती हिरमुसली.

"बाई, आमच्या पुस्तकाला वासच नाही."